गूगल स्कॉलर प्रोफाइल: परदेशात 'एआय आणि समाज' या विषयात काम करणाऱ्यांना कितपत उपयोगी?

परदेशात शिकून तिथेच संशोधनात राहायचं म्हटलं की गूगल स्कॉलरच्या पानाशिवाय, म्हणजे आपले लेख आणि इतर संशोधकांकडून त्यांना मिळालेले संदर्भ मोजून दाखवणाऱ्या प्रोफाइलशिवाय, भागत नाही. पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) निवडणारे प्राध्यापक ते उघडून बघतात. अमेरिकेत ग्रीन कार्डासाठी ईबी-1ए (असाधारण क्षमतेचा वर्ग) किंवा एनआयडब्ल्यूचा (राष्ट्रीय हितासाठी नोकरीची अट माफ करण्याची सवलत) अर्ज स्वतःच्या नावाने, कंपनीशिवाय, भरायचा तर त्याची प्रिंट बहुतेक जण जोडतात. फुकट मिळणाऱ्या साधनांत हे सगळ्यात कामाचं, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण ते आपोआप नीट राहत नाही. एआयचा समाजावर होणारा परिणाम अभ्यासणाऱ्यांना हे जास्त जाचतं, कारण त्यांचे लेख संगणकशास्त्राच्या परिषदा, कायद्याची नियतकालिकं, पुस्तकातली प्रकरणं आणि आर्काइव्ह (छापण्याआधी लेख खुले ठेवण्याचं संकेतस्थळ) असे विखुरलेले असतात.

मराठी माणसाची पहिली अडचण नावाची. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात, लेखावर कधी पूर्ण नाव तर कधी नुसती आद्याक्षरं, लग्नानंतर आडनाव बदललं तर आणखी एक रूप. स्कॉलर जुळणाऱ्या नावांचे लेख तुमच्यापुढे मांडतं. 'एस. आर. कुलकर्णी' एवढंच घ्या. कुरुंदवाडला जन्मलेले कॅल्टेकचे खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी आणि मशीन लर्निंगवर काम केलेले प्रिन्स्टनचे संजीव कुलकर्णी, दोघांचेही लेख या आद्याक्षरांनी छापलेले आहेत. तशीच आद्याक्षरं असलेल्या एखाद्या विद्यार्थिनीने पुढे आलेला गट न वाचता जोडला, तर तिच्या नावावर गॅमा किरणांच्या स्फोटांवरचे लेख चढतील. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला असा एक जरी परका लेख दिसला, तरी बाकीच्या खऱ्या आकड्यांकडेही तो संशयाने बघणार.

म्हणून प्रोफाइल उघडताना गट घेऊ नका, लेख एकेक करून घ्या. यादीच्या वर अधिकचं चिन्ह आहे, त्यात लेखांच्या अपडेटची सोय आहे. तिथे 'आपोआप लागू करा' हा पर्याय सोडून 'ईमेलने कळवा, मी तपासेन' हा निवडा. खातं खासगी जीमेलचंच वापरा, विद्यापीठाचं नको. गूगलचीही तीच शिफारस आहे, म्हणजे नोकरी बदलली तरी पान हातात राहतं. विद्यापीठाचा ईमेल फक्त पडताळणीसाठी द्यायचा आणि संस्था बदलली की नवा टाकायचा. पडताळलेला ईमेल नसेल, तर प्रोफाइल स्कॉलरच्या शोधात दिसत नाही.

खरी मेहनत आहे ती प्रती एकत्र करण्याची. एआय संशोधक टिम्नित गेब्रू आणि सहकाऱ्यांचा 'डेटाशीट्स फॉर डेटासेट्स' हा लेख मार्च 2018 मध्ये आर्काइव्हवर आला आणि 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या संगणकशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला तो थेट डिसेंबर 2021 मध्ये. या क्षेत्रात असं नेहमी होतं. शीर्षक जरा बदललं की स्कॉलर दोन नोंदी धरतं. समजा आर्काइव्हच्या प्रतीला 9 संदर्भ आहेत आणि छापील प्रतीला 8. आय-10 निर्देशांक म्हणजे किमान 10 संदर्भ मिळालेल्या लेखांची संख्या; प्रती वेगळ्या राहिल्या तर त्यात दोन्ही शून्य. एकत्र केल्या तर 17, आणि लेख मोजला जातो. दोन्हींवर खूण करून 'मर्ज' दाबायचं आणि छापील प्रत मुख्य ठेवायची. आकड्याशेजारी तारका दिसली तर घाबरू नका, ती विलीनीकरणाची खूण आहे. चुकून दुसराच लेख जोडला गेला तर शीर्षक उघडून आतून सोडवता येतो.

प्रिंट काढतानाही गफलत होते. पान सुरुवातीला 20 च लेख दाखवतं, तेव्हा आधी 'शो मोअर' दाबा. पीडीएफवर तारीख आणि पानाचा वेबपत्ता उमटला पाहिजे. यादी सीएसव्हीत (तक्त्याच्या फाइलीत) उतरवता येते, पण त्यात संदर्भांचे आकडे येत नाहीत. ते हाताने भरावे लागतात. स्वतःचेच संदर्भही स्कॉलर वेगळे काढून देत नाही. आपल्या पहिल्या चार-पाच लेखांची 'साइटेड बाय' (संदर्भ देणाऱ्या लेखांची) यादी उघडून, अनोळखी संशोधकांनी आपलं काम नुसतं कंसात न उल्लेखता कुठे वापरलं आहे ते शोधून काढा. अर्जाला वजन येतं ते तिथून.

स्कॉलरला काय दिसत नाही, हेही ओळखून असावं. अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या 2016 च्या धनसार निर्णयानुसार एनआयडब्ल्यूला तीन कसोट्या लागतात: कामाला राष्ट्रीय महत्त्व आहे का, ते पुढे नेण्याची तुमची तयारी आहे का, आणि नोकरीची अट माफ करणं देशाच्या फायद्याचं आहे का. संदर्भांचे आकडे प्रामुख्याने दुसऱ्या कसोटीला उपयोगी पडतात. गेब्रू यांचाच मार्ग बघा. अदिस अबाबाला जन्म, निर्वासित म्हणून अमेरिकेत, स्टॅनफर्डची पीएचडी, मग मायक्रोसॉफ्ट, गूगल, आणि 2021 मध्ये स्वतःची डेअर ही एआय संशोधन संस्था. जॉय बुओलाम्विनी यांच्यासोबतच्या 2018 च्या 'जेंडर शेड्स' या अभ्यासाने दाखवलं की चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या प्रणाली गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत चुकतात आणि उजळ पुरुषांच्या बाबतीत जेमतेम 0.8 टक्के. त्या कामाचं मोल धोरणांवरच्या चर्चेत आणि कंपन्यांच्या निर्णयांत दिसलं. संदर्भांच्या आकड्यात ते मावत नाही. तुमचं काम सरकारी अहवालात, मानकांच्या मसुद्यात किंवा संसदीय समितीपुढे आलं असेल, तर ती पानं स्वतः जमवा. धोरणविषयक कागदपत्रांतले संदर्भ शोधायला ओव्हरटन ही वेगळी सेवा आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने घेतली असेल तर अवश्य वापरा.

सोबत ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, काढा. तोही फुकट, 16 अंकी. त्यात नावाची सगळी रूपं नोंदवता येतात, आणि लेख पाठवताना तो क्रमांक दिला की आडनाव बदललं तरी धागा तुटत नाही. संगणकशास्त्राच्या परिषदांसाठी डीबीएलपी ही लेखांची ऑनलाइन सूची जरूर बघा. एकाच नावाच्या माणसांना तिथे 0001, 0002 असे क्रमांक देऊन वेगळं केलेलं असतं, आणि तुमचा लेख दुसऱ्याच्या पानावर गेला असेल तर कळवून दुरुस्त करून घेता येतो. ही तपासणी अर्ज टाकण्याच्या बरीच आधी उरकावी, कारण स्कॉलर सुधारलेली माहिती प्रकाशकाच्या पानावरून पुन्हा उचलतं तेव्हाच ती दिसते, आणि त्याला सहा-नऊ महिने, कधी वर्षही लागतं.