बत्तीस जीबीच्या वेष्टनातले आठ जीबी

ईएसपी३२ सारख्या छोट्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एका चिपवरच्या चिमुकल्या संगणकाला, मेमरी कार्ड जोडून विहिरीची पाणीपातळी, शेतातील तापमान किंवा रानातील आवाज नोंदवणारे हौशी आणि अभ्यासक आता गावोगावी आहेत. बनावट क्षमतेच्या, म्हणजे सांगितल्यापेक्षा कमी जागा असलेल्या कार्डाचा सर्वांत मोठा फटका अशाच लोकांना बसतो, कारण त्यांचे यंत्र अनेक दिवस फक्त लिहीत राहते आणि लिहिलेले वाचून पाहणारे तेथे कोणी नसते. आमच्या बाबतीत नेमके काय घडले, ते म्हणूनच तपशिलासह मांडत आहे.

कोकणातील एका सड्यावर पहिल्या पावसानंतर बेडकांचे आवाज ध्वनिमुद्रित करण्यासाठी आम्ही एका ऑनलाइन बाजारपेठेवरील विक्रेत्याकडून ३२ जीबीची मायक्रोएसडी कार्डे मागवली. वेष्टनावर नामांकित कंपनीचे नाव होते, छपाई स्वच्छ होती आणि किंमत इतरांपेक्षा थोडी कमी असली तरी संशय यावा इतकी कमी नव्हती. ही कार्डे त्या कंपनीने बनवलेलीच नव्हती, तेव्हा तिला दोष देण्याचा प्रश्न येत नाही.

यंत्र संध्याकाळी सहा ते सकाळी सहा चालत असे. सेकंदाला आवाजाचे १६,००० नमुने आणि प्रत्येक नमुना दोन बाईटचा, म्हणजे तासाला सुमारे ११५ एमबी आणि रात्रीला १.३८ जीबी. या हिशेबाने ३२ जीबीचे कार्ड तेवीस रात्री पुरायला हवे. परत आणलेले कार्ड संगणकात घातले तेव्हा प्रत्येक तासाची फाइल जागेवर होती. नावे, तारखा आणि आकार सगळे बरोबर होते. मात्र सहाव्या रात्रीच्या एका फाइलमध्ये बेडकांचा कल्लोळ ऐन भरात असताना आवाज कात्रीने कापल्यासारखा थांबला आणि पुढे आलेखावर सरळ रेष उमटली. त्यानंतरच्या फाइली उघडल्याच नाहीत. फाइलीतील प्रत्येक बाईट जसाच्या तसा दाखवणाऱ्या हेक्स संपादकात पाहिले, तर पहिल्या बाईटपासून शेवटच्या बाईटपर्यंत केवळ शून्ये होती.

याचे कारण कार्डाच्या पोटात आहे. प्रत्येक एसडी कार्डात स्मृतीबरोबर स्वतःचा एक छोटा नियंत्रक असतो आणि कार्डाची क्षमता किती, हे बाहेरच्या यंत्राला तोच सांगतो. या नियंत्रकाचा प्रोग्राम बदलता येतो, हे हार्डवेअर संशोधक अँड्र्यू 'बनी' हुआंग आणि शॉन क्रॉस यांनी डिसेंबर २०१३ मध्ये हॅम्बुर्गच्या परिषदेत दाखवून दिले होते. आमच्या कार्डांत आठ जीबीची चिप बसवून नियंत्रकाला बत्तीस सांगायला शिकवलेले होते. फाइलींची यादी आणि कोणती फाइल कार्डावर कोठे आहे हे सांगणारा एफएटी तक्ता कार्डाच्या सुरुवातीच्या काही एमबीत, म्हणजे खऱ्या स्मृतीत असतो. म्हणून यादी शेवटपर्यंत निर्दोष दिसते.

मायक्रोकंट्रोलरलाही यातले काही कळत नाही. एसपीआय या मायक्रोकंट्रोलर आणि कार्ड यांच्यातील संवादाच्या पद्धतीने ५१२ बाईटचा खंड पाठवला की कार्ड एका बाईटचे उत्तर देते. त्यातील खालचे पाच बिट ००१०१ असले तर खंड स्वीकारला, असा त्याचा अर्थ. हे कार्ड आठ जीबीच्या पलीकडेही तेच उत्तर बिनदिक्कत देत होते, त्यामुळे आमच्या प्रोग्राममधील चुकांच्या नोंदीत एकही ओळ उमटली नाही. प्रत्येक खंड लिहिल्याबरोबर वाचून पाहावा, असे काहींनी सुचवले. पण तेवढ्याने भागत नाही. बनावट कार्डांचा दुसरा एक प्रकार क्षमतेपुढील पत्ते गुंडाळून पुन्हा सुरुवातीकडे आणतो. तेथे ताजा खंड वाचला की बरोबरच येतो, जुना मात्र त्याखाली गाडला गेलेला असतो, आणि एफएटी तक्त्यावरच लिहिले गेले तर सगळे कार्ड हातचे जाते.

खात्रीचा उपाय कंटाळवाणा आहे: कार्ड काठोकाठ भरायचे आणि मगच सगळे परत वाचायचे. लिनक्सवर एफ३ आणि विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू ही मोफत साधने हेच काम करतात. सेकंदाला १० एमबी या वेगाने ३२ जीबी लिहायला जवळजवळ तासभर लागतो आणि वाचायला आणखी वेळ जातो. तरीही हे सोडू नये. आमच्या उरलेल्या प्रत्येक कार्डावर सात जीबीच्या आसपास (आठ जीबीची चिप संगणकाच्या मोजणीत साधारण एवढीच भरते) माहिती शाबूत आणि बाकीची नष्ट, असाच निकाल आला. कार्डाची ओळख सांगणारी सीआयडी ही सोळा बाईटची नोंदही वाचावी. तीत उत्पादकाचा संकेतांक, अनुक्रमांक आणि निर्मितीचा महिना असतो. आमच्या सर्व कार्डांचा अनुक्रमांक एकच होता, जे खऱ्या मालात संभवत नाही. अर्थात सीआयडीही खोटी लिहिता येते, तेव्हा ती ठीक दिसली म्हणून भरून पाहण्याची चाचणी टाळू नये.

विक्रेत्याने आधी कार्ड फॉरमॅट करायला सांगितले, मग आमच्या मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डाला दोष दिला आणि शेवटी ३२ जीबीचे कार्ड संगणकावर कमीच दिसते, असे ऐकवले. शेवटचे विधान अर्धसत्य असल्याने अनेकांना गप्प करते. मोजण्याच्या पद्धतीतील फरकामुळे ३२ चे २९.८ दिसतात, हे खरे. पण त्या फरकाने ३२ चे ७ होत नाहीत. खरेदी उन्हाळ्यातली आणि वापर पावसाळ्यातला, म्हणून परताव्याची मुदतही संपली होती आणि विक्रेता तिच्याच आडोशाला उभा राहिला.

अशा वेळी बाजारपेठेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही दाद मागता येते; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही. आम्ही तक्रारीसोबत बिल, कार्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, एफ३ चा अहवाल आणि सीआयडीच्या नोंदी जोडल्या. चाचणीचे आकडे समोर आल्यावर बाजारपेठेने बोर्डाचा मुद्दा पुन्हा काढला नाही आणि कार्डांचे पैसे परत केले. बुडालेल्या ध्वनिमुद्रणाची भरपाई मात्र तिने साफ नाकारली, आणि त्या हंगामातील पहिल्या पावसाच्या रात्रींची नोंद सहाव्या रात्रीवरच थांबलेली आहे.