शिक्का खरा होता, बूट मेलेला होता

मी नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. लाइनवर चौदा बायका आणि मी त्यांची सुपरवायझर. सकाळी सातला उभं राहायचं ते साडेतीनपर्यंत, ओव्हरटाइम असला तर संध्याकाळी सातपर्यंत. पायाखाली सिमेंटचा कोबा. गेल्या जुलैत आम्ही अकरा जणींनी मिळून सेफ्टी शूज घेतले आणि फसलो. त्यातल्या दहा जणींनी ते माझ्या शब्दावर घेतले होते, म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

आधी स्वतःच्या पैशांनी बूट का घ्यावे लागले ते सांगते. आमच्याकडे हॅन्ड पॅलेट, म्हणजे जड माल ओढायची हातगाडी, सतत फिरत असतो, त्यामुळे स्टील टो, म्हणजे बोटांवर लोखंडी टोपी असलेल्या बुटांशिवाय आत सोडत नाहीत. कायम कामगारांना कंपनी बूट देते. आम्ही कंत्राटी, आम्हाला कंत्राटदार देतो, आणि तो देतो पुरुषांच्या मापाचे. त्याच्याकडचा सगळ्यात लहान नंबर ६. आमच्यातल्या बहुतेकींचा पाय ४ किंवा ५ चा. मग पुढे कापूस कोंबायचा, दोन-दोन मोजे चढवायचे. तरी टाच आत वरखाली होते. बूट निसटू नये म्हणून आपण नकळत बोटं आवळून चालतो आणि संध्याकाळी पोटऱ्यांना गोळे येतात. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं. आमच्या लाइनवर हे दुखणं निम्म्या जणींना आहे. ज्यांना नाही त्या नवीन आहेत.

७ तारखेला पगार झाला आणि ८ तारखेला दुपारच्या सुट्टीत गेटपासून थोडं पुढे एक टेम्पो उभा राहिला. निळी ताडपत्री, आत खोक्यांची चळत. विकणारा चाळिशीचा, बोलायला एकदम गोड. "ताई, एक्स्पोर्टचा माल आहे, ऑर्डर कॅन्सल झाली म्हणून सुटला. लेडीज साइज आहे, चारपासून." त्या 'चारपासून'ला मी फसले. बायकांच्या मापाचे सेफ्टी शूज आमच्याकडच्या दुकानांत विचारले की "मागवावे लागतील" हेच उत्तर मिळतं. इथे बूट समोर होता, पायात घातला तर टाच जागेवर बसली. खोक्यावर किंमत १,८९९, तो देत होता ९०० ला.

मी डोळे मिटून घेतले असंही नाही. बुटावर आयएसआयचा शिक्का होता, आयएस १५२९८ लिहिलेलं होतं. हे सेफ्टी फुटवेअरचं मानक. यात पुढच्या टोपीवर २०० जूलचा आघात देऊन चाचणी होते, म्हणजे साधारण वीस किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडल्यासारखा. शिक्क्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर होता. तो मी तिथेच उभ्या उभ्या 'बीआयएस केअर' या, शिक्का देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या ॲपमध्ये टाकला. उत्पादकाचं नाव आलं, लायसन्स चालू दाखवलं. मी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "माल ओरिजिनल आहे, घ्या." अकरा जोड, ९,९०० रुपये. पैसे यूपीआयने गेले, एका माणसाच्या नावावर. बिल मागितलं तर म्हणाला, "ताई, बिलाचा टॅक्स वेगळा लागेल." आम्ही राहू दे म्हटलं.

पहिले दोन आठवडे मी त्या माणसाला मनातून दुवा दिला, इतके ते बूट पायाला बरे होते.

जुलैचा शेवटचा आठवडा, धो धो पाऊस. रबाळे स्टेशनवर उतरून कंपनीकडे निघाले तर डाव्या टाचेखाली काहीतरी मऊ लागायला लागलं. चिखल असेल म्हणून गेटवर पाय आपटला, तर टाचेचा कोपराच गळून पडला. उचलून बघितला. रबर तुटतं तसं तुटलेलं नव्हतं. बोटांत धरला तर शिळ्या केकसारखा भुगा झाला, काळा आणि चिकट. त्याच दिवशी दुपारी लाइनवर कार्टनच्या बाजूला काळे कण सापडले. क्वालिटीने लाइन थांबवली. फूड ग्रेड माल, त्यात कण म्हणजे सगळा लॉट बाजूला. पाऊण तास सगळे कण कुठून आले ते शोधत होते आणि ते आमच्याच पायांखालून पडत होते. तीन जणींचे सोल एकाच आठवड्यात गेले. चौथीचा सोल जिन्यावर अख्खा निघाला, ती पडली, मनगट मुरगळलं, आठ दिवस घरी. कंत्राटी माणसाला घरी बसलं की रोज बुडतो. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, तेच जास्त लागलं.

ठाणे स्टेशनजवळ एक चांभारकाका बसतात, त्यांच्याकडे नेला. त्यांनी सोल अंगठ्याने दाबला, वास घेतला आणि म्हणाले, "ताई, हे सोल्युशनने बसणार नाही. सोल मेलाय. हा बूट जुना आहे."

"काका, तीन आठवडे झाले घेऊन."

"तुम्ही घेतलात तीन आठवड्यांपूर्वी. बनला कधी?" असं म्हणून त्यांनी उजवा बूट उलटा केला, कमानीखालचा चिखल नखाने काढला. तिथे दहा रुपयांच्या नाण्याएवढं एक गोल उमटलेलं होतं. कडेने १ ते १२ आकडे, मधे बाण, बाणाच्या दोन्ही बाजूंना १ आणि ९. बाण ४ वर. एप्रिल २०१९. घरी येऊन खोकं काढलं. त्यावर छापलेलं होतं मार्च २०२५. स्टिकरचा कोपरा नखाने उचलला, गरम पाण्याचं फडकं ठेवलं, तर खाली दुसरा स्टिकर. त्यावर ०४/२०१९ आणि किंमतही वेगळी, १,२४९.

सेफ्टी शूजचा सोल बहुतेक वेळा पीयूचा असतो, म्हणजे पॉलियुरेथेन. हलका, पायाला मऊ, दिवसभर उभं राहणाऱ्यांना बरा. पण हवेतला ओलावा आणि उष्णता त्याला आतून हळूहळू फोडत राहते, बूट घातला नाही तरी. बंद खोक्यात, गोदामात, आपल्याकडच्या दमट हवेत तर जास्तच. वरून काळा कुळकुळीत दिसतो, आत जीव राहिलेला नसतो, आणि पायाचा भार पडला की आठवड्यांत भुगा होतो. आमचे बूट खरेच होते, कंपनी खरी, लायसन्स खरं. मी सगळं तपासलं आणि चुकीची गोष्ट तपासली. तो शिक्का बूट कसा बनवला ते सांगतो, किती वर्षं पडून आहे ते सांगत नाही. त्या माणसाने कोणाचा तरी मेलेला साठा भंगाराच्या भावात उचलला असणार आणि स्टिकर बदलून आम्हाला नवा म्हणून विकला.

त्या विकणाऱ्याला फोन केला तर नंबर बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण बिल कुठे, विक्रेत्याचं नाव-पत्ता काय, या प्रश्नांवर माझ्याकडे यूपीआयच्या स्क्रीनशॉटपलीकडे काही नव्हतं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, मी जाऊ शकले असते. पण कोणाविरुद्ध? बिलाचे ते टॅक्सचे पैसे वाचवले तिथेच माझा हात तुटला.

आता नवे बूट घेतले, बिल घेऊन, दुकानदाराकडून मागवून, १,६०० ला. यावेळी संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर गेले, कारण दिवसभर उभं राहून पाय सुजतो आणि सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी सातला चावतो. कामावरचे जाड मोजे घालून गेले. घरी कागदावर पाय ठेवून पेन्सिलने आखून घेतला होता. बुटातला आतला तळ बाहेर काढून त्यावर तो कागद ठेवला. पायाची रेघ तळाच्या बाहेर गेली तर तो बूट कितीही मऊ असो, बाजूने दाबणारच. टाचेमागची बाजू दोन बोटांनी दाबली, ती दबता कामा नये. बूट बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर उपयोग नाही. आणि सगळ्यात आधी उलटा करून गोल बघितलं. दुकानदार म्हणाला, "असं कोणी बघत नाही ताई." बाण २ वर, दोन बाजूंना २ आणि ५. मग पैसे दिले.

पडलेल्या मुलीचे ९०० मी तिला परत केले, बाकीच्यांचे दर पगाराला दोघींचे देते आहे. त्या नको म्हणतात, मी देते.

गेल्या पगाराला घणसोलीच्या बाजूला असाच टेम्पो उभा होता, असं आमच्या वॉचमनने सांगितलं. निळी ताडपत्री, एक्स्पोर्टचा माल, लेडीज साइज चारपासून.