मासळी प्रक्रियेसाठी वीज : ओपन अ‍ॅक्सेस की छपरावरचं सौर?

वीज निर्माण करायला 2003 च्या कायद्यापासून परवाना लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातच जयगडला 1200 मेगावॉटचा खासगी औष्णिक प्रकल्प आहे आणि पोफळीच्या बाजूला कोयनेची जनित्रं आहेत. विकणारे पुष्कळ झाले, पण मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात येणारी 11 केव्हीची तार एकट्या महावितरणची. खरी स्पर्धा या तारेपाशी अडते, आणि ओपन अ‍ॅक्सेस (महावितरणच्याच तारेवरून दुसऱ्या विक्रेत्याची वीज घेणं) की छपरावरचं सौर, ही निवड करताना हेच आधी लक्षात घ्यावं.

केंद्राच्या 2022 च्या हरित ऊर्जा नियमांनी ओपन अ‍ॅक्सेससाठी लागणाऱ्या किमान लोडची मर्यादा 1 मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आणली, त्यामुळे मध्यम प्रक्रिया केंद्रंही त्यात बसतात. विक्रेत्याने सांगितलेल्या दरावर मात्र जाऊ नका. त्यात पारेषण आणि व्हीलिंगचे (महावितरणच्या तारा वापरण्याचे) आकार, दोन्हीकडची गळती आणि क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेचा भार उचलण्यासाठीची रक्कम) मिळवा; मग आपल्या मीटरपाशी युनिट कितीला पडतं ते कळतं. महावितरणचा डिमांड चार्ज (मागणीनुसारचा स्थिर आकार) सुटत नाही. तो भरत असाल, तर हरित विजेवर अतिरिक्त अधिभार लागत नाही. बिलात आलाच, तर लेखी हरकत घ्या.

आमचा कौल छपरावरच्या सौरकडे फिरला तो फीडरमुळे, म्हणजे आपल्यापर्यंत येणाऱ्या त्या 11 केव्हीच्या तारेमुळे. ओपन अ‍ॅक्सेसच्या विजेचा हिशेब 15 मिनिटांच्या ब्लॉकचा, दिवसाला 96 ब्लॉक. पहिल्या पावसात मिठाचा थर बसलेले इन्सुलेटर ओले झाले की फीडर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. कधी झाड तारेवर येतं आणि दुरुस्तीला अर्धा दिवस जातो. त्या वेळी देशावरच्या सौर प्रकल्पात मात्र ऊन असतं. तुमच्या नावाची वीज ग्रिडमध्ये जात राहते आणि इथे ब्लास्ट फ्रीझर डिझेलवर चालतो. न उचललेली युनिटं बँकिंगमध्ये जातात, म्हणजे नंतर वापरायला खात्यात जमा राहतात, पण त्याला महिन्याची मुदत आणि टक्केवारीची मर्यादा आहे. करारात किमान उचल असेल, तर उरलेल्याचेही पैसे द्यावे लागतात. एकाच तासाला दोनदा पैसे मोजणं फार खुपतं.

छपरावरचं सौर सुद्धा फीडर गेला की बंद पडतं, कारण इन्व्हर्टर ग्रिडशिवाय चालत नाही. मात्र फ्युएल सेव्ह कंट्रोलर (सौर आणि जनरेटर एकत्र चालवणारं यंत्र) बसवला, तर तो जनरेटरशी जुळवून घेतो आणि डिझेल वाचतं. जनरेटरवर साधारण 30 टक्के लोड राहील असं सेटिंग ठेवा. त्याहून कमी झाला, तर न जळलेलं डिझेल इंजिनात साचतं; आणि सौर वीज उलटी जनरेटरकडे वळली, तर रिव्हर्स पॉवर रिले जनरेटर बंद करतो.

100 किलोवॉटला सुमारे 10,000 चौरस फूट सावलीविना जागा हवी. रोज किलोवॉटमागे सरासरी 4 युनिटं धरा, जून ते ऑगस्ट बरीच कमी. त्यातले जून-जुलै मासेमारी बंदीचेच, त्यामुळे ही तूट तितकी जाणवत नाही. खाऱ्या हवेसाठी 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा जाड मुलामा दिलेला) सांगाडा आणि सॉल्ट मिस्ट चाचणी झालेले पॅनल घ्या. साधे बोल्ट लवकर गंजतात. निसर्ग वादळानंतर वाऱ्याच्या जोराचं गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेण्यात कसूर नको.

छप्पर जुन्या पत्र्याचं असेल किंवा रात्रीचा लोड मोठा असेल, तर ओपन अ‍ॅक्सेसचा विचार जरूर करावा. रात्रीसाठी पवन मिसळलेली वीज मागावी. पण सही करण्याआधी आपल्या फीडरच्या मागच्या दोन पावसाळ्यांतल्या बंद वेळेची नोंद महावितरणकडून लेखी मागून घ्या, आणि तेवढे तास किमान उचलीतून वगळण्याचं कलम करारात घालून घ्या.