मायक्रोग्लिया: म्हातारपणातल्या आणि जखमेतल्या

मेंदूत जखम झाली की मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, काही मिनिटांतच आपले फाटे तिकडे वळवतात. 2005 मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत हे प्रत्यक्ष पाहता आलं. पुढच्या काही दिवसांत त्या फुगतात, फाटे आखूड होतात, संख्या वाढते. ॲस्ट्रोसाइट, म्हणजे मेंदूतल्या ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशी, मात्र सावकाश: त्यांचा व्रण घट्ट व्हायला साधारण दोन आठवडे.

वयाची खूण वेगळी. फाटे विरळ, तुटक, गाठाळ होतात, हालचाल मंदावते, पेशीत लायपोफ्युसिन नावाचं रंगद्रव्य साठतं. घोटाळा इथेच होतो. हे रंगद्रव्य सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच चमकतं आणि ती चमक प्रतिपिंडाची (ठरावीक प्रथिन दाखवायला लावलेल्या चमकत्या खुणेची) समजली जाते. म्हणून प्रतिपिंड न लावलेला मेंदूचा एक काप सोबत ठेवाच. तोही चमकला तर सुदान ब्लॅक बी हा काळा रंग वापरून चमक दाबा. नुसत्या आयबीए-1 या मायक्रोग्लिया ओळखायच्या प्रथिनावर विसंबू नका, ते म्हाताऱ्या आणि जखमेतल्या दोन्हींत दिसतं. फाट्यांचा आकार बघा.