‘दिवसभर ट्रॉसॅक्स’ची बससहल: पाचपैकी तीन तारे

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला लेकीकडे आलो होतो, तेव्हा आम्ही दोघांनी ही सहल केली. कंपनीचं नाव देत नाही, कारण जाहिराती सगळ्यांच्याच साधारण अशाच असतात. मी भूगोलाचा निवृत्त मास्तर, त्यामुळे आदल्या रात्री नकाशा उघडून बसलो आणि ‘दिवसभर ट्रॉसॅक्स’ या नावाबद्दल शंका तिथेच आली.

ट्रॉसॅक्स म्हणजे मुळात लॉख कॅट्रिन आणि लॉख अक्रे या दोन तळ्यांमधली झाडीने भरलेली खडकाळ खिंड. बस्स, एवढीच. १८१० साली वॉल्टर स्कॉटचं ‘द लेडी ऑफ द लेक’ हे काव्य आलं, ते वाचून लोकांची रीघ लागली आणि नाव पसरत गेलं. आता अ‍ॅबरफॉइल, कॅलंडर ही आसपासची गावं, सगळं ट्रॉसॅक्सच. २००२ मधल्या राष्ट्रीय उद्यानालाही लॉख लोमंडच्या जोडीने हेच नाव मिळालं. म्हणजे कंपनी खोटं बोलत नाही. फक्त आमचा अर्धा दिवस लॉख लोमंडकाठी आणि कॅलंडरच्या दुकानांत गेला, आणि खऱ्या खिंडीपाशी थांबा मिळाला चाळीस मिनिटांचा!

ड्रायव्हर मात्र हुशार. अ‍ॅबरफॉइलहून वर चढणाऱ्या ड्यूक्स पासच्या वळणांवर त्याने मिनीबस अशी काही हाकली की हिने मळमळीची गोळी पर्समधून काढलीच नाही. नावाचा अर्थ त्याने ‘काट्याकुट्यांचा राठ मुलूख’ असा सांगितला. गाइडबुकांतही तोच असतो. पण ‘आडवा’ या अर्थाच्या जुन्या शब्दाशी नातं जोडणारेही अभ्यासक आहेत, आणि खिंडीत उभं राहिल्यावर मला तेच पटलं. बेन अ‍ॅनची टेकडी उंचीला जेमतेम ४५४ मीटर, पण समोर अशी ठाकते की पलीकडे तळं असेल असं वाटतच नाही.

लॉख कॅट्रिनच्या धक्क्याला, म्हणजे ‘ट्रॉसॅक्स पिअर’ला, १८९९ ची ‘सर वॉल्टर स्कॉट’ ही आगबोट उभी होती. बसायला वेळ नव्हता, ही हळहळ राहिली. तळ्यात पाय घालावे म्हटलं, तर हिने अडवलं: १८५९ पासून ग्लासगो हेच पाणी पितं, म्हणजे लेकीच्या नळालाही हेच!

बुकिंग करण्याआधी एकच विचारा: ‘ट्रॉसॅक्स पिअर’ला गाडी किती वेळ थांबते? तासाच्या आत असेल तर दुसरी सहल बघा.