तैवानी खाणं घरपोच: सांगलीत काय मागवावं, काय सोडून द्यावं

सांगली-मिरजेत तैवानी म्हणून जे घरी येतं, ते पुष्कळदा गाड्यावरचं चायनीजच असतं, फक्त डबा बदललेला. झाकण काढताच व्हिनेगर आणि हिरव्या मिरचीच्या सॉसचा भपकारा आला की समजायचं. तैवानी पदार्थात सोया सॉसमागोमाग चक्रीफूल, तळलेला बारका कांदा आणि किंचित गोडवा जाणवला पाहिजे. तिखट बेताचंच. कांदा-लसूण मसाल्यावर पोसलेल्या जिभेला पहिला घास मिळमिळीत वाटतो. तेव्हा ठेचा बाजूला घ्या, पण वरून कालवू नका.

सगळ्यात भरवशाचा पदार्थ म्हणजे पॉपकॉर्न चिकन. लेगचं बोनलेस, दोन-अडीच सेंटीमीटरचे तुकडे, सोया सॉस, लसूण आणि पाच मसाल्यांत मुरवलेले. हे पाच मसाले म्हणजे चक्रीफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप आणि तिरफळाच्या जातीतली सिचुआन मिरी. खरी गोम मात्र आवरणात आहे. तैवानमध्ये रताळ्याचा जाडसर स्टार्च वापरतात. तो लावून पाच-दहा मिनिटं ठेवला की ओलसर होऊन चिकनला धरतो, आणि तळल्यावर वर खडबडीत, पांढरट कण दिसतात. कॉर्नफ्लोअर किंवा मैदा असेल तर कवच गुळगुळीत येतं आणि वाटेतच मऊ पडतं. अ‍ॅपवरच्या फोटोत कण दिसत नसतील तर मागवूच नका. तळणी दोनदा हवी: आधी 160-170 अंशांवर शिजेपर्यंत, मग 185-190 वर अर्धा-एक मिनिट. दुसरी तळणी आतून पृष्ठभागाला आलेली वाफ आणि तेल बाहेर काढते. ती चुकवली की डबा पोचेपर्यंत चिकन तेलकट होतं.

सोबत तळलेली थाई बेसिलची पानं हवीतच. आपली तुळस इथे चालत नाही, तिला लवंगेची उग्र चव असते. ज्या झाडाचं बी आपण सब्जा म्हणून फालुद्यात घालतो त्याची पानं मात्र चालतात, कारण थाई बेसिल त्याच जातीचं आहे. पानं कोरडी करून दहा-पंधरा सेकंदच तळायची. ओली टाकली की तेल उडतं, जास्त ठेवली की काळी पडून कडवट होतात. ऑर्डरच्या सूचनेत ‘कागदी पिशवीत द्या, झाकण बंद करू नका’ असं लिहा. प्लास्टिकच्या बंद डब्यात चिकन स्वतःच्याच वाफेनं भिजतं. तरीही मऊ आलं तर एअर फ्रायरमध्ये 180 अंशांवर चार मिनिटं, नाहीतर कोरड्या तव्यावर. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको.

बबल टी, म्हणजे चघळायच्या गोळ्या घातलेला दुधाचा चहा, आता कॅफेंतही दिसू लागलाय. ताइचुंग आणि ताइनान इथली दोन चहाची दुकानं 1980च्या दशकातल्या या शोधावर हक्क सांगतात. भांडण त्यांचं त्यांना लखलाभ, आपण गोळ्या पाहू. त्या टॅपिओकाच्या, म्हणजे ज्या कंदापासून सेलमचा साबुदाणा बनतो त्याच्याच. कोरड्या गोळ्यांना आठ-दहा पट उकळतं पाणी, पंचवीस-तीस मिनिटं मंद आच, मग गॅस बंद करून झाकून तितकाच वेळ, आणि शेवटी साखरेच्या काळपट पाकात. इतकं करून त्या तीन-चार तासच चांगल्या राहतात. फ्रिजमध्ये ठेवल्या की स्टार्च घट्ट होऊन मधोमध पांढरा, खडूसारखा कण तयार होतो. चावताना तो लागला तर गोळ्या शिळ्या आहेत किंवा अर्ध्या कच्च्या. रात्री दहाची ऑर्डर टाळा, त्या वेळी बहुतेकदा दुपारच्याच गोळ्या मिळतात. साखर 50 टक्के, बर्फ कमी असं मागवा, कारण विश्रामबागेतून मिरजेपर्यंत येताना बर्फ वितळतो आणि चहा पाणचट होतो. पाक काळ्या साखरेऐवजी गुळाचा असेल तर बिघडत नाही. सांगलीचा गूळ चांगला लागतो, फक्त दूध गरम असताना घातला तर ते फाटू शकतं. ‘पॉपिंग बोबा’ हे प्रकरण निराळं. ती रसाची फुटणारी गोळी, चघळायची नव्हे. लहान पोरांना जाड स्ट्रॉनं टॅपिओकाच्या गोळ्या देऊ नका, घशात अडकतात.

जेवण म्हणून मागवायचं तर थ्री-कप चिकन. रस्सा नसतो, आटवलेला चकचकीत मसाला असतो, त्यामुळे अर्धा तास प्रवासातही काही बिघडत नाही. तिळाचं तेल, सोया सॉस, राइस वाइन, भरपूर आलं आणि अख्खा लसूण. यातलं तेल भाजलेल्या तिळाचं हवं. लाकडी घाण्याचं कच्च्या तिळाचं तेल कितीही शुद्ध असलं तरी तो वास येत नाही.

लू रौ फान, म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या मांसाचं बारीक तुकड्यांचं कालवण भातावर. तैवानचं हे रोजचं जेवण. त्याचा जीव चरबी आणि कातडीत असतो. दीड-दोन तास शिजल्यावर ती विरघळून भाताला चिकट, जाड लेप देते. इकडे त्याच नावानं चिकन खिमा येतो, तोही बिनकातडीचा. मग भात कोरडाच राहतो. त्यापेक्षा शिटाके मशरूम आणि टोफूचं शाकाहारी रूप बरं. तैवानात कांदा-लसूण वर्ज्य असलेला बौद्ध शाकाहार मोठा आहे, त्यामुळे ती पाककृती ओढून-ताणून केलेली नसते. जैन मंडळींनी मात्र मुळ्याचं लोणचं, आलं, टॅपिओका अशी कंदमुळं त्यात आहेत का ते आधी विचारून घ्यावं.

ग्वा बाओ, म्हणजे मांसाचं सारण भरलेला वाफवलेला पाव, मागवताना पाव आणि सारण वेगळं बांधायला सांगा. घरी इडलीपात्रात पाव दोन मिनिटं वाफवा. वरचं दाण्याचं कूट फार बारीक नको, आपलं भाजीचं कूट त्यासाठी थोडं जाडसरच घ्या. दोन वाट्या कुटाला एक वाटी पिठीसाखर, वर कोथिंबीर.

नूडल सूप मागवायचं तर नूडल्स आणि सूप वेगळ्या डब्यात मिळत असतील तरच. एकत्र आल्या तर दहा मिनिटांत नूडल्स फुगून सगळा रस्सा पितात. गोमांसाचं मूळ रूप इथे मिळणार नाही, राज्यात गाईच्या कत्तलीवर आधीपासून आणि 2015 पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. मटणाच्या हाडांचा रस्सा त्याच्या जवळ जातो, चिकनचा जात नाही. आणि शाओलाँगबाओ, म्हणजे मोमोसारखी वाफवलेली, आत सूप भरलेली पुरचुंडी, घरपोच मागवूच नका. आतलं सूप थंड होऊन गोठतं, पातळ पारी तळाला चिकटते आणि उचलताना फाटते.