३४ हजारांचा चेलो, १४ महिने वापरून झाल्यावर

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याचा काही उपयोग नाही. चेलो म्हणजे खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांत धरून गजानं वाजवायचं मोठं व्हायोलिन; माझा चिनी आहे. हुबेहूब तसाच, त्याच तांबूस व्हार्निशचा चेलो मी नंतर आणखी दोन दुकानांत दोन वेगळ्या नावांनी पाहिला. फरक फक्त आत चिकटवलेल्या लेबलात. तेव्हा अमुक घ्या, तमुक घेऊ नका, असलं काही मला सांगता येणार नाही. या किमतीत घरी काय येतं आणि काय यायचं राहतं, तेवढं सांगतो.

मी ५१ वर्षांचा. भोसरीत टूलरूममध्ये नोकरी, राहायला चिंचवड. सोसायटीच्या भजनी मंडळात पेटीची साथ करतो. चेलोचं वेड लागलं ते रेडिओमुळे. जुन्या गाण्यांच्या मधल्या म्युझिकमध्ये खालून एक जाड, भरल्या घशातून आल्यासारखा सूर यायचा. तो कोणत्या वाद्याचा, हे कळेपर्यंत चाळिशी उलटली. पंचमच्या, म्हणजे संगीतकार आर. डी. बर्मन यांच्या, बासू-मनोहारी या सहायक जोडीतले बासू चक्रवर्ती स्वतः चेलो वाजवायचे, हेही तेव्हाच कळलं. मग दहा वर्षं नुसताच विचार. गेल्या वर्षी जूनमध्ये बोनस झाला आणि बायको म्हणाली, "एकदाचा घेऊन टाक, म्हणजे बोलणं तरी थांबेल."

खोकं आलं ते माणसाएवढं. आत चेलो, गज, राळेची वडी, कापडी बॅग. आणि घोडी, म्हणजे तारांखालचा ब्रिज, कागदात गुंडाळून वेगळी ठेवलेली. ती उभी कशी करायची ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. दुकानात फोन केला तर म्हणाले, "व्हिडिओ बघून उभी करा सर, सोपं असतं." ज्याला चेलो कुठल्या बाजूनं धरायचा हे ठाऊक नाही, त्याला हे सांगायचं म्हणजे कमाल आहे. केली उभी. दोन्ही बाजूंच्या 'एफ'सारख्या भोकांना आतून बारीक खाचा असतात, त्यांच्या रेषेत घोडीचे पाय यायला हवेत, हे नंतर कळलं. तारा पिळताना घोडी हळूहळू पुढे कलते, ती दर वेळी मागे घ्यायची असते, हे आणखी नंतर कळलं. दुसऱ्या महिन्यात रात्री साडेदहाला ती धाडकन पडली. आई झोपेतून उठून देवघराकडे धावली. तिला वाटलं समई पडली.

घोडीबरोबर आतून काहीतरी लाकडाचं खुळखुळायला लागलं. तो साउंडपोस्ट. वरच्या फळीला आणि पाठीला जोडणारी बोटभर जाडीची गोल काठी. चिकटवलेली नसते, नुसती दाबावर उभी असते. पुण्यात ती परत उभी करणारा माणूस शोधण्यात तीन आठवडे गेले.

टाइल्सवर चेलो घसरतो. खाली टेकायला लोखंडी दांडी असते, तिचं टोक अणकुचीदार, पण व्हिट्रिफाइड टाइलवर ते काय रुतणार? बाजारात याच्यासाठी तयार चकत्या आणि पट्टे मिळतात. मी लेथवर ६० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा गोल काढला, मधे खळगी घेतली आणि खाली जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलं. खर्च शून्य, आणि १४ महिन्यांत या चेलोशी माझं जे काही पहिल्या फटक्यात जमलं ते एवढंच.

तारा चार. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर जाड तार पांढरी एक (इंग्रजीत सी), मग पांढरी पाच (जी), पांढरी दोन (डी) आणि सगळ्यात बारीक ती पांढरी सहा (ए). दर तार आधीच्या तारेचा पंचम. म्हणजे जाड तारेला सा धरलं तर सा, प, रे, ध. हे कळलं त्या दिवशी फार बरं वाटलं, निदान तारा लावायला तरी कोणी शिकवायला नको. खुंट्यांखेरीज खालच्या बाजूला चारही तारांना बारीक स्क्रू आहेत. ते असलेलाच घ्या. पन्नाशीतल्या मनगटानं नुसत्या खुंटीवर सूर लावणं म्हणजे शिक्षा आहे.

जाड तारेवर पहिल्या आठवड्यात गज ओढला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकांनी वॉचमनला फोन करून सांगितलं की पाण्याच्या मोटरचं बेअरिंग गेलंय. राग नाही आला. तसाच आवाज होता.

आता मुख्य गोष्ट. पहिले चार महिने मी क्लास लावला नव्हता, व्हिडिओ बघून शिकत होतो. पेटीवर सूर तयार असतात, चेलोवर काहीच नाही, नुसती काळी गुळगुळीत पट्टी. म्हटलं, मोजून खुणा करू. मोकळ्या तारेची लांबी ६९ सेंटिमीटर भरली. दर पट्टीला, म्हणजे काळी-पांढरी धरून एकेक घर वर जाताना, लांबीला १.०५९ नं भागायचं. मोकळ्या तारेला सा म्हटलं तर शुद्ध रे साडेसात सेंटिमीटरवर, शुद्ध ग १४.२ वर, मध्यम १७.३ वर. पेन्सिलीनं बारीक रेघा मारल्या. रेघेवर बोट ठेवलं, गज ओढला आणि पेटीशी ताडून पाहिलं. सूर चढा! ट्यूनरवर बघितलं तर २० ते ३० सेंट वर (पेटीच्या एका घराचे शंभर भाग केले तर त्यातला एक म्हणजे सेंट). बोट मागे घेतलं की बरोबर, पण मग माझ्या रेघा चुकीच्या ठरतात. गणित तीनदा तपासलं, मोजपट्टी बदलली. कुठेच चूक नाही.

मग साहजिकच वाटलं, आपलाच दोष. बोट वाकडं पडत असेल, कान म्हातारा झाला असेल, या वयात हे व्हायचं नसेल. आणि दुखायचंही फार. बारीक तार दाबायला इतका जोर लागे की अर्ध्या तासात अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. करंगळीनं तर तार पट्टीला टेकायचीच नाही. दसऱ्याला चेलोची पूजा केली ती जवळजवळ निरोपाच्या भावनेनं.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा सहज तारेच्या बरोब्बर मध्यावर, ३४.५ वर, बोट न दाबता नुसतं टेकवलं आणि गज ओढला. वरचा सा स्वच्छ वाजला, काट्यावर काटा. तिथेच तार दाबली तर तोच सा चढा. २३ वर, म्हणजे एक तृतीयांशावर, नुसतं टेकवलं तर तार सप्तकातला पंचम, तोही चोख. म्हणजे कान बरोबर, गणितही बरोबर. बिघडत होतं ते तार दाबताना. तार पट्टीपासून इतकी उंच होती की खाली नेता नेता ताणली जात होती, आणि ताणली की चढणारच. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाचं कॅलिपर, आणला. पट्टीच्या शेवटी बारीक तार साडेआठ मिलिमीटर वर, जाड तार साडेअकरा. आणि वरच्या टोकाला, खुंट्यांच्या खाली, जिथे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं एवढीच फट हवी, तिथे दोन कार्डं दुमडून आरामात जात होती.

त्याच आठवड्यात क्लास लावला. कॅम्पात राहणाऱ्या मिस आहेत, मूळच्या गोव्यातल्या सासष्टीच्या. त्यांच्या वडिलांचं पहिलं संगीत गावच्या चर्चच्या शाळेत झालं, तिथूनच ते मुंबईला सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले. मिसनी माझा चेलो हातात घेतला, एक तार दाबली आणि तोंड वाकडं केलं. "हा तुमचा प्रॉब्लेम नाही, ह्याचा आहे. आधी ह्याला बरा करून आणा. तुमचा प्रॉब्लेम पुढच्या तासाला बघू."

त्यांनीच कारागीर सांगितला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यावाल्यांतला, आता पेठेत असतो, व्हायोलिनंही करतो. साउंडपोस्टही त्याच्याकडूनच बसवायला हवा होता, आधीच्या माणसानं तो नुसता टेकवून ठेवला होता. मी दुपारभर बाकावर बसून बघितलं. आमच्या धंद्यातला माणूस दुसऱ्याचं फाइलिंग बघत बसतो तेव्हा सहसा चुका शोधत असतो. इथे तोंड उघडायची वेळ आली नाही. वरच्या टोकाच्या पट्टीला नट म्हणतात (आमचा बोल्टवाला नव्हे). तिच्या चारही खाचा त्यानं चार वेगळ्या गोल कानशींनी उतरवल्या. दोन घासे मारायचे, तार बसवायची, वाजवायची, परत काढायची. शेवटी खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं, तार अडकू नये म्हणून. घोडी वरून तासली, पण सपाट नाही, गोलाई ठेवून, नाहीतर मधल्या तारेवर गज नेताना शेजारची वाजते. मग 'एस'सारखी वाकवलेली सळई एफच्या भोकातून आत घालून साउंडपोस्ट घोडीच्या पायामागे सरकवला. खालची दांडी काढून त्या भोकातून टॉर्चच्या उजेडात मला दाखवला. आत बघितलं तर रिकामी खोली आणि त्यात एकटा खांब. तंबोऱ्याच्या जवारीत (घोडी घासून तारेला झंकार आणतात ती) आणि यात फरक काय, असं विचारलं तर म्हणाला, "तिथं तार घोडीला घासायला पाहिजे, हितं घासली तर मेली." ३,५०० रुपये घेतले. बारीक तार पाचवर आली, जाड तार आठवर.

घरी येऊन पेन्सिलीच्या रेघांवर बोटं ठेवली. सूर सगळे आपापल्या जागी.

एवढ्यासाठी हे लिहायला घेतलं. मूल शिकत असेल तर कोणीतरी मोठं माणूस वाद्य तपासून देतं. पन्नाशीतला माणूस दुखलं की वय धरतो, बेसूर झालं की कान धरतो, वाद्याकडे बघतच नाही. दुकानानं घोडी बसवून, तारा उतरवून, एकदा वाजवून चेलो दिला असता तर माझे चार महिने वाचले असते. तक्रार केली तेव्हा उत्तर आलं की या रेंजमध्ये असंच असतं. रेंजचं खरं आहे, पण मग तसं विकताना सांगा. वाद्याला पाचपैकी तीन, दुकानाला एक, तोही खोक्याच्या पॅकिंगला.

बाकीचं थोडक्यात. वरची फळी प्लायची आहे, अखंड स्प्रूस लाकडाची नाही. आवाज त्यामुळे जरा बंद खोलीतला वाटतो. पण एप्रिलमध्ये चिंचवडची हवा पापडासारखी कोरडी होते तेव्हा अखंड लाकूड तडकायची भीती, याला ती कमी. खुंट्या मात्र उन्हाळ्यात सटकतात आणि पावसाळ्यात फुगून अडकतात. सटकली की खडू, अडकली की साबण, असा मिसचा उपाय आहे आणि तो चालतो. पट्टी काळी दिसते पण एबनीच्या काळ्या लाकडाची नाही, रंगवलेली आहे. पहिले दोन महिने बोटं काळी व्हायची, बायकोला वाटायचं मी कंपनीतून हात न धुता येतो. सोबतच्या तारा पत्र्यासारख्या वाजतात, त्या काढून चांगल्या स्टीलच्या घातल्या, ९,२०० रुपये. गज महिन्याभरात धनुष्यासारखा एका बाजूला वळला, त्याच्या जागी कार्बन फायबरचा घेतला, ७,५००. म्हणजे ३४ हजारांचा चेलो मला ५४,२०० ला पडला. हा आकडा पहिल्या दिवशी माहीत असता तर कदाचित सेकंडहॅण्ड पण नीट लावलेला शोधला असता. मिस म्हणतात तेच शहाणपणाचं.

खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांत वाद्य धरणं जमणार नाही असं वाटणाऱ्यांनी सास्किया राव-द हास यांचं वादन बघावं. मूळच्या डच, पण हिंदुस्थानी संगीत वाजवतात, जमिनीवर मांडी घालून. त्यांचा चेलो खास बनवून घेतलेला आहे, त्याला तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप गुंजणाऱ्या, ताराही आहेत. तसला काही आपल्याला दुकानात मिळणार नाही, पण चेलोवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कशी येते ते एकदा ऐकावं.

मला आज येतं ते एवढं: पहिल्या पोझिशनमधले (हात खुंट्यांच्या बाजूला ठेवून येणारे) सूर, पांढरी दोनच्या तारेला सा धरून भूप सावकाश, आणि मिसनी दिलेले तीन छोटे तुकडे नोटेशन वाचून. करंगळी अजून आळशी आहे. रोज ४० मिनिटं, जेवणाआधी. काकांचा फोन आता येत नाही, मोटरचं बेअरिंग मात्र खरंच गेलं होतं, मार्चमध्ये बदललं.

बॅगेबद्दल सांगायचं राहिलं. ती अगदीच सुमार, आत फोम नाहीच म्हणा. शनिवारी पीसीएमसीला मेट्रो धरतो, सिव्हिल कोर्टला बदलून पुणे स्टेशन. तपासणीच्या मशिनमध्ये चेलो मावत नाही, त्यामुळे दर वेळी चेन उघडून दाखवावी लागते, आणि सहाव्या महिन्यात चेनच गेली. चिंचवड स्टेशनजवळच्या चप्पल शिवणाऱ्या काकांनी सुटकेसची जाड चेन बसवून दिली, खांद्याच्या पट्ट्यालाही दोन टाके घातले. १५० रुपये. ती अजून टिकून आहे.